जागा धरली आहे

माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या बाजारातले सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पँटी आखूड करून देणाऱ्या बाईने गोड बोलून भागत नाही. गोड बोललं की गिऱ्हाईक म्हणतं, "आत्ताच करून द्या ना, मी इथेच उभा राहतो." त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी एका माणसाला "उद्या म्हणजे उद्या" असं तिसऱ्यांदा सांगत होते, तेवढ्यात समोरच्या हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईच्या, बाजूने माझ्या आत्याचा आवाज आला.

"बैल आले! बैल आले रे! पळा!"

आता सिंगापुरात, तेही तोआ पायोहच्या इमारतींमध्ये, बैल कुठून येणार? पण माझ्या हातातली कात्री खाली पडली, कारण आत्याचे बैल कोण ते मला चांगलं ठाऊक होतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी रस्त्यावर गाड्या लावून खाणं विकणारे लोक सरकारी इन्स्पेक्टरांना बैल म्हणायचे. जमिनीतून उगवल्यासारखे यायचे आणि समोर येईल ते उलथवून टाकायचे, म्हणून बैल. पहिला बैल दिसला की एकाने बोंब ठोकायची आणि बाकीच्यांनी गाड्या घेऊन धूम ठोकायची. आत्याची मुळ्याच्या वड्यांची गाडी होती. तांदळाच्या पिठात मुळा घालून उकडलेल्या वड्या, मोठ्या तव्यावर अंड्यात परतलेल्या. अख्ख्या रस्त्यात तिच्या वड्यांइतकीच तिची बोंबही प्रसिद्ध होती, असं माझे बाबा कौतुकाने सांगायचे.

आत्या आता एकोणऐंशी वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून तिच्या डोक्यात काळाचा सगळा गोंधळ झालाय. सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नाही, पण ती गाडी लावायची त्या काळात अंड्यांचा भाव काय होता ते विचारा, लगेच सांगेल. राहते माझ्याकडे, नवव्या मजल्यावर. तिचा मुलगा खेंग बून लांब पूर्वेला राहतो. तिच्या औषधपाण्याचं तोच बघतो, आणि तिचे सगळे सरकारी कागद त्याच्याच पत्त्यावर जातात. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. गेल्या महिन्यात आत्या भलत्याच बसमध्ये बसून पार उत्तरेच्या टोकाला गेली आणि पोलिसांनी तिला घरी आणून सोडलं, तेव्हा त्याने मला निक्षून सांगितलं होतं.

"ताई, हे शेवटचं. आता सरकारचा एक कागद जरी माझ्या दारात आला ना, तर आई माझ्याकडे. बाविसावा मजला, दाराला कुलूप."

"अरे, तिला सकाळी तासभर खाली उतरल्याशिवाय चैन पडत नाही," मी म्हटलं.

"खिडकीतून बघेल."

नऊ ते दहा, हा एवढा एकच तास आत्याचा स्वतःचा उरलाय. तेवढ्यात ती खाली उतरते, बाजारात एक फेरी मारते, चार जणांना शिव्या घालते, आणि परत वर जाते. दुपारी जेवायला मी घरी गेले की पायात चपला घालून दाराशी बसलेली असते. "कोणाची वाट बघतेस?" विचारलं की म्हणते, "येईल." कोण ते सांगत नाही. एवढं सोडलं तर तिचा मला काहीही त्रास नाही. हां, टिश्यूची पाकिटं तेवढी संपतात. मी डझन आणून ठेवते आणि दहा-बारा दिवसांत फडशा. ही खाते की काय, असं मला वाटायला लागलं होतं.

दुकान तसंच टाकून मी धावले. हॉकर सेंटरच्या मागच्या बाजूला, मोटारी लावायच्या जागेतून वर येणारा एक चढ आहे. चढाच्या माथ्यावर जुनं मोठं झाड आणि झाडाखाली दगडी बाक. बाकापासून वीसेक पावलांवर आत्या दोन्ही हात पसरून उभी होती. तिच्यासमोर अंगात पर्यावरण खात्याचं जाकीट, छातीवर कॅमेरा आणि हातात छोटं मशीन घेतलेला एक जाडसर माणूस घाम पुसत होता. जागच्या जागी दंड करणाऱ्यांपैकी तो होता.

आणि मागे तान पोच्या कॉफीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं, गॅस बंद, आणि तान पो स्वतः काउंटरखाली.

"बाहेर या, तान पो!" मी ओरडले. "लाज नाही वाटत?"

पंच्याहत्तर वर्षांचा तान पो गुडघे चोळत उठला. तरुणपणी त्याची गाडी आत्याच्या गाडीला लागून असायची. "काय करू, ले ह्वा, हिचा आवाज ऐकला की हात आपोआप चालतो," तो म्हणाला. "दोन गिऱ्हाइकांची कॉफी मोरीत ओतली मी!"

मी त्या माणसाकडे वळले. तोंड उघडायच्या आधीच त्याने हात जोडल्यासारखे केले. "ताई, माझं नाव हाशिम. तुम्ही यांच्या कोण?"

"भाची. काय केलं तिने?"

"मावशींनी बाकावर कचरा टाकला आणि निघून चालल्या. मी डोळ्यांनी पाहिलं. आवाज दिला तर बैल बैल म्हणून ओरडायला लागल्या." हे सांगताना तो जरा दुखावलेला दिसला. "मी नुसतं नाव विचारलं हो."

"कसला कचरा?"

त्याने बोट दाखवलं. बाकाच्या बरोबर मध्यावर, अगदी सरळ ठेवलेलं, न फोडलेलं टिश्यूचं पाकीट होतं. माझ्याच डझनातलं.

माझ्या डझनांचा उलगडा झाला खरा, पण अंगाचा तिळपापड झाला. तरी मी स्वतःला आवरलं. त्याच्या छातीवरचा लाल दिवा लुकलुकत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर खेंग बूनच्या दारातून आत सरकणारं सरकारी पत्र दिसत होतं.

"दंड किती?"

"तीनशे डॉलर. पण ओळखपत्राचा नंबर हवा. मावशी देतायत तो नंबर मशीन घेत नाही."

"कसं घेईल?" आत्या म्हणाली. "परवाना आहे माझ्याकडे! टी एक एक शून्य सात! लिहून घे. आणि गाडीला हात लावायचा नाही, तवा तापलेला आहे."

टी एक एक शून्य सात हा तिच्या वड्यांच्या गाडीचा परवाना. हाशिमने मशीनमध्ये तो बिचारा चार वेळा घातला होता. आत्याचं खरं ओळखपत्र माझ्या शिलाई मशीनच्या खणात होतं, बॉबिनांच्या खाली. ती ते दोनदा हरवून आली, तेव्हापासून मी ते तिच्याकडे ठेवत नाही. ते काढून दिलं असतं तर दोन मिनिटांत पावती निघाली असती, आणि त्यावरचा पत्ता खेंग बूनचा.

म्हणून मी खोटं बोलले. मला त्याचा काही पश्चात्ताप नाही, फक्त जरा बरं बोलायला हवं होतं.

"साहेब, तिला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "ठार बहिरी आहे. तुम्ही काय विचारलंत ते तिला कळलंच नसणार."

"कोण बहिरी?" आत्या म्हणाली.

हाशिमने जमिनीकडे पाहिलं. माणूस सभ्य होता.

"आणि ते पाकीट तिचं नाहीच मुळी," मी दामटून बोलत राहिले. "इथे कोणाचंही असेल. हजार माणसं येतात."

"माझंच आहे!" आत्या तरातरा बाकाकडे गेली. "हे बघ. कोपरा दुमडलाय. ही माझी खूण. तुझं असेल तर तू तुझी खूण दाखव."

"आत्या, तू जरा गप्प बसशील का?"

"का? परवाना आहे माझ्याकडे."

मागे तान पो हसायला लागला. त्याच्या दुकानासमोर एव्हाना पाच-सात माणसं जमली होती, हातात कप, काही घाई नाही. सकाळी दहाला फुकटची करमणूक कोण सोडतो?

हाशिम हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी मुद्दाम नाही करत. माझीही आई आहे. पण हे सगळं कॅमेऱ्यात गेलंय. वस्तू टाकली, मागे न बघता निघून गेल्या. मी सोडलं तर उद्या मला विचारतील."

तेवढ्यात माझी नजर आतल्या टेबलांवर गेली. हॉकर सेंटर तुडुंब भरलं होतं, एक खुर्ची रिकामी नव्हती, पण सत्तावीस नंबरचं टेबल मात्र ओस पडलेलं. त्याच्याभोवती एक जोडपं गरम सूपचे ट्रे घेऊन घिरट्या घालत होतं, हात भाजत होते, पण बसत नव्हतं. कसं बसेल? टेबलावर टिश्यूचं पाकीट होतं. आमच्याकडे टेबलावर पाकीट ठेवलं की ती जागा तुमची. तुम्ही खुशाल रांगेत जाऊन उभे राहा, नगरसेवक आला तरी तिथे बसणार नाही. घराच्या कागदांवरून भावाभावांत भांडणं होतात, पाकिटावरून होत नाहीत.

"तान पो, ते सत्तावीस नंबर कोणाचं?" मी जरा मोठ्यानेच विचारलं.

तान पोला सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं. "साहेबांचंच की. नारळाच्या भाताच्या, नासी लेमाकच्या रांगेत उभे होते. हिला बघितलं आणि रांग सोडून आले."

जमलेले लोक एकदम खूश झाले. मी कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे साहेब, तुम्ही टेबलावर पाकीट ठेवलंत. मागे न बघता निघून आलात. चांगली वीस मिनिटं झाली. काढा मशीन. तुमचा नंबर तरी घेतंय का बघू या."

"ते वेगळं," हाशिमचे कान लाल झाले. "मी जागा धरली होती."

"आणि ती काय करत होती?"

"ताई, मी परत जाणार आहे. माझं जेवण तिथे येणार आहे. मावशी तर घरी निघाल्या होत्या. बाकावर कोणी जागा धरतं का? आणि कशासाठी? तिथे काय खायला मिळतं?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. जागा धरणारा माणूस परत येतो, नाहीतर ती धरलेली जागा कसली? रोज दहा वाजता ही पाकीट ठेवून जाते आणि परत येत नाही.

उत्तर आत्यानेच दिलं. ती हाशिमकडे अशी बघत होती, जसं एखाद्या नव्या, बिनअकलेच्या इन्स्पेक्टरकडे बघावं.

"अरे, मी पण येतच होते की. गाडी आणायला चालले होते."

"कुठली गाडी मावशी?"

"वड्यांची. आ-तियाम ढकलत आणतोय. त्याचा डावा पाय अधू, चढावर दम लागतो त्याला. मी पुढे येऊन जागा धरते, मग खाली जाऊन त्याला हात देते. रोजचंच आहे. आज तू मधेच अडवलंस." मग तिने हाशिमला नीट न्याहाळलं. "चांगला धट्टाकट्टा आहेस. रिकामा उभा आहेस तर जा ना, जरा हात दे त्याला."

आ-तियाम म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली.

माझ्या नाकावरचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. रोज दुपारी चपला घालून दाराशी बसणारी आत्या कोणाची वाट बघते ते मला एकदम कळलं, आणि इतके दिवस मी विचारून सोडून दिलं याची मला लाज वाटली. घरी जाते गाडी आणायला, आणि वर पोचेपर्यंत विसरते. वाट बघायची एवढंच मग आठवतं.

तान पो हसायचा थांबला होता. तो काउंटरच्या बाहेर आला आणि झाडाकडे बोट करून हाशिमला म्हणाला, "बरोबर तिथेच साहेब, ते बाक आहे ना, तिथेच हिची गाडी उभी असायची. इथे तेव्हा सेंटर नव्हतं, नुसता रस्ता होता. झाडाखालची जागा मिळावी म्हणून आम्ही पहाटे येऊन विटा ठेवायचो. ज्याची वीट त्याची जागा. वीट हलवली तर मारामाऱ्या व्हायच्या."

"आता विटा मिळतात का कुठे?" आत्या करवादली. "सगळं गुळगुळीत करून ठेवलंय मेल्यांनी."

"तीन महिने ठेवतेय पाकीट," तान पो पुढे म्हणाला, जरा ओशाळून. "ही गेली की मी उचलून आणतो. झाडणाऱ्याने टाकून देऊ नये म्हणून." त्याने फळीवरून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढून उघडला. आत कोपरे दुमडलेली पाकिटं गच्च भरलेली. "आज साहेब माझ्या आधी पोचले, त्याला मी काय करणार? मी काउंटरखाली होतो."

हाशिमने डब्यात डोकावून पाहिलं. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"ताई, एक मार्ग आहे," तो माझ्याकडे वाकून म्हणाला. "ज्याची वस्तू त्याने परत येऊन उचलली, तर तो कचरा होत नाही. विसरलेली वस्तू होते. पण उचलायची मावशींनीच, आणि कॅमेऱ्यासमोर. तुम्ही उचललीत तर उपयोग नाही."

एवढंच ना! मला तर नाचावंसं वाटलं. तीनशे डॉलर नाहीत, पत्र नाही, बाविसावा मजला नाही. मी आत्याचा हात धरला.

"आत्या, चल, पाकीट उचल. घरी जाऊ."

"नाही."

"अगं, नुसतं उचलून खिशात घाल."

"बैलासमोर जागा सोडू? वेड लागलंय तुला?" आत्याने बाकाला पाठ लावून ठाण मांडलं. "चाळीस वर्षांत सोडली नाही. वीट उचलली की जागा गेली. हा तान पो टपूनच बसलाय."

"मी?" तान पो म्हणाला. "मला माझं दुकान आहे!"

"तुझी नजर पहिल्यापासून माझ्या सावलीच्या जागेवर. माहीत आहे मला."

मी विनवण्या केल्या. मी रागावले. मी म्हटलं, वर जाऊन गरम गरम खीर करते. जमलेल्यांपैकी एकाने सुचवलं की आजींना म्हणावं फोटो काढायचाय, पाकीट हातात धरा. आत्याने त्याला फोटोसकट कुठे जायचं ते सांगितलं. मी हळूच हात पुढे केला तर तिने माझ्या बोटांवर फटका मारला, लहानपणी मारायची तसाच, नेमका पेरावर. हाशिम घड्याळ बघत होता. "ताई, अकरापर्यंत मला नोंद पुरी करावी लागते," तो म्हणाला, आणि त्याला ते म्हणताना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. तरी त्याचा अंगठा मशीनवर होता.

"कधी सोडतेस मग जागा?" मी शेवटी रडकुंडीला येऊन विचारलं. "सांग ना. कधी उचलतेस ते?"

आत्या माझ्याकडे बघून चकित झाली. एवढं साधं कसं कळत नाही, असं.

"गाडी आल्यावर. गाडी लागली की वीट काढायची. तुझ्या बापाने शिकवलं नाही का?"

मी तान पोकडे पाहिलं. तान पोने माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी त्याच्या दुकानामागच्या लोखंडी ट्रॉलीकडे पाहिलं. घट्ट दुधाच्या डब्यांची खोकी तिच्यावर रचलेली होती आणि ती मेली आदल्या दिवसापासून खाली केलेली नव्हती.

"खोकी उतरवू?" तो म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं. "तिला ओझं ऐकू आलं पाहिजे."

आम्ही ट्रॉली पलीकडच्या बाजूने खाली, चढाच्या पायथ्याशी नेली. आणि मग मी ती ढकलायला लागले. मी बावन्न वर्षांची बाई, दिवसभर बसून शिवणकाम करते, माझ्या कमरेला त्याची काडीची सवय नाही. एक चाक वाकडं होतं, ते दर दोन पावलांनी ट्रॉलीला डावीकडे ओढायचं, म्हणून मलाही डावा पाय घासटत तिरकं चालावं लागत होतं. अर्ध्या चढावर माझा श्वास संपला. ट्रॉली मागे यायला लागली. डबे खडखडायला लागले. आता मी, खोकी आणि ट्रॉली मिळून कोणाच्यातरी नव्या मोटारीवर जाणार आणि दंड वेगळाच होणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात शेजारी दोन जाड हात आले. हाशिम. मशीन खिशात, छाती ट्रॉलीला टेकलेली. त्या पाच मिनिटांत त्याच्या कॅमेऱ्यात फक्त दुधाच्या डब्यांची चित्रं गेली असणार.

"रांगेतला माझा नंबर गेला," तो धापा टाकत म्हणाला.

"गप ढकला," मी म्हटलं.

माझ्या बाबांची मला सगळ्यात जास्त आठवते ती पाठ. मी लहान होते, गाडीच्या मागून चालायचे, पुढे त्यांचा ओला सदरा आणि डावीकडे झुकणारी चाल. ते कधी थकलो म्हणाले नाहीत. त्या चढावर, वाकड्या चाकाला शिव्या घालत, मला पहिल्यांदा कळलं की ते किती थकत असतील. डोळ्यांत पाणी आलं. घाम आहे असं समजून मी ते येऊ दिलं.

माथ्यावर आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आलास?" ती ओरडली. "केवढा उशीर! तेल आणलंस का? अंडी फुटली नाहीत ना? सावकाश, सावकाश, डावीकडे घे, गटार आहे!"

गटार नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वीच बुजवलेलं. आम्ही डावीकडे घेतली.

ट्रॉली झाडाखाली बाकाला लागून उभी राहिली. आत्याने तिच्या कडेवरून हात फिरवला, ती डगमगत नाही ना ते पाहिलं, एका चाकाला पायाने दाबून बघितलं. हाशिमने छातीवरचा कॅमेरा हळूच सरळ केला.

मग आत्या वाकली आणि बाकावरचं पाकीट तिने उचललं. सावकाश, कोणाच्या सांगण्यावरून नाही, आपल्या वेळेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी लागल्यावर टाळ्या कसल्या वाजवतात, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

हाशिमने मशीन काढून अंगठ्याने काहीतरी टिपलं.

"काय लिहिलंत?" मी विचारलं.

"वस्तू मालकाने परत घेतली."

"म्हणजे पत्र वगैरे?"

"कसलं पत्र?" हाशिम म्हणाला.

मी बाकावर बसले. आत्या माझ्यासमोर आली. तिने पाकीट फाडलं, एक टिश्यू काढला, आणि माझ्या कपाळावरचा, नाकावरचा, गालांवरचा घाम पुसला. पुसताना माझी हनुवटी घट्ट धरून ठेवली होती, मी पळून जाणार असल्यासारखी.

"उद्या वेळेवर ये रे, आ-तियाम," ती म्हणाली. "मी आहेच पुढे. पण एकटीने किती वेळ जागा धरू?"

मी तिची भाची आहे, ले ह्वा, असं मी तिला रोज दहा वेळा सांगते. त्या दिवशी नाही सांगितलं.

"येईन," मी म्हटलं.

घामाने भिजलेला टिश्यू आता आत्याच्या हातात होता. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हात हळूहळू खाली जायला लागला. हाशिमने श्वास रोखला. मी रोखला. तान पोने डोळे मिटले.

आत्याने तो बोळा हाशिमच्या तळहातावर ठेवला.

"टाकून ये," ती म्हणाली. "रिकामा उभा असतोस नुसता."

हाशिम गेला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून आला. मग तिथूनच आत सत्तावीस नंबरच्या टेबलाकडे गेला. ते जोडपं थंड झालेलं सूप घेऊन अजून तिथेच उभं होतं. तो त्यांना काहीतरी म्हणाला आणि त्याने आपलं पाकीट उचलून खिशात टाकलं.

मी उठले. दुकान उघडं होतं आणि ती पँट अजून आखूड व्हायची होती.

"तान पो," मी म्हटलं, "उद्या पावणेदहाला ट्रॉली लागेल."

"रोज?"

"रोज. आणि ते चाक नीट करून ठेवा."